कोळसा स्वस्त, वाट महाग

मेगाब्लॉकच्या रविवारी ठाण्याच्या फलाटावर ताटकळत असताना मी शेजारच्या काकांना म्हटलं, "या रुळांवरून वर्षातून चार वेळा कोळशाचं इंजिन सोडलं तर? इथेच तर पहिली गाडी आली. हजार रुपये तिकीट लावलं तरी लोक रांग लावतील." काकांनी तरुणपणी कल्याणच्या इंजिन-शेडमध्ये फायरमन म्हणून भट्टीत कोळशाचं फावडं मारलंय. इंडिकेटरवरची नजर न हलवता त्यांनी एवढंच विचारलं, "आणि मागच्या लोकलचं काय?"

घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो, तेव्हा त्या प्रश्नात किती दम होता ते कळलं.

नमुन्याला 'फेअरी क्वीन' घेऊ. 1855 साली इंग्लंडमधल्या लीड्सला बांधलेलं हे चिमुकलं इंजिन 1997 मध्ये पुन्हा रुळावर आलं आणि पर्यटकांना घेऊन दिल्लीहून अलवरला जाऊ लागलं. वजन 26 टन, ताकद 130 अश्वशक्ती, वेग फार तर ताशी 40 किलोमीटर. 130 अश्वशक्ती म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधल्या एखाद्या एसयूव्हीएवढी. मेल-एक्स्प्रेस ओढणारं आजचं विजेचं इंजिन 6,000 अश्वशक्तीच्या पुढचं असतं.

आता कोळसा. वाफेचं इंजिन कोळसा खातं हे खरंच, आणि त्यातला बहुतेक धुराड्यातून उडवूनही देतं. बॉयलरमध्ये हवेच्या दाबाच्या दहापट दाब असेल, तर आतली वाफ साधारण 180 अंश सेल्सियसची असते. सिलिंडरमध्ये काम करून ती बाहेर फेकली जाते तेव्हाही 100 अंशांच्या खाली नसते, कारण ती थंड करून परत पाणी करणारं यंत्र इंजिनावर नसतं. उष्णतेचं काम किती होणार ते या दोन तापमानांतल्या फरकावर ठरतं. निरपेक्ष मापात, म्हणजे सेल्सियसमध्ये 273 मिळवले की, ही तापमानं 453 आणि 373. फरक 80, म्हणजे 453 च्या साधारण 18 टक्के. यंत्र कितीही निर्दोष बनवा, 18 टक्क्यांच्या वर निसर्गच जाऊ देत नाही. प्रत्यक्षात छोटी इंजिनं पाच-सहा टक्क्यांवर समाधान मानतात. बाकीची उष्णता म्हणजे तो 'छुकछुक' आवाज आणि तो ढग, ज्यासाठी आपण तिकीट काढणार!

तरीही कोळशाचं बिल घाबरवणारं नाही. बॉयलरमध्ये 2,000 लिटर पाणी आहे असं धरा. ते 30 वरून 180 अंशांवर न्यायला हिशेबाने 50 किलो बऱ्या प्रतीचा कोळसा पुरतो. लोखंडही तापवायचं असतं आणि उष्णता वायाही जाते, म्हणून 150 किलो धरू. मुंबई ते ठाणे जाऊन-येऊन 68 किलोमीटर; किलोमीटरला दहा किलोप्रमाणे आणखी 680. एकूण 830 किलो. वीस रुपये किलोचा सढळ भाव लावला तरी साडेसोळा हजारांच्या आसपास. डब्यात साठ खुर्च्या असतील, तर माणशी पावणेतीनशे रुपये. इथपर्यंत माझी योजना फायद्यात होती.

पण इंजिन लहान झालं म्हणून लहान न होणारे खर्च पुढे उभे असतात. ड्रायव्हर एक आणि फायरमन दोन, मग मागे एक डबा असो की बारा. आग आदल्या रात्रीच पेटवावी लागते, कारण घाईने तापवलं तर धातू कमीजास्त फुगतो आणि सांधे गळू लागतात. ठराविक दिवसांनी बॉयलर धुवायचा, साचलेले क्षार खरवडायचे, नळ्या तपासायच्या. काका सांगतात, भट्टीच्या छताला शिशाचा प्लग असतो. त्यावरचं पाणी कमी झालं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. इंजिन वाचतं, फायरमनची अब्रू जाते. हे सगळं बघणारी, हाताने करणारी माणसं आता शोधावी लागतात. ब्रिटनमध्ये अशा इंजिनांचा बॉयलर साधारण दहा वर्षांनी उतरवून पूर्ण खोलतात. 'फ्लाइंग स्कॉट्समन'ची दुरुस्ती 2016 मध्ये संपली तेव्हा 42 लाख पौंड खर्च झाले होते. मात्र ते दांडगं इंजिन मागे दहा-बारा डबे घेऊन जातं, म्हणजे खर्च शेकडो तिकिटांवर पसरतो. आपल्या साठ खुर्च्यांवर किती पसरणार?

डबे वाढवावेत, तर तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. चाक रुळावर जेवढं दाबलं जातं, त्याच्या साधारण चौथ्या भागाएवढीच ओढ मिळते. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरतं. 'फेअरी क्वीन'ची फक्त मधली जोडी फिरवली जाते. तिच्यावर दहा टन भार धरला तर ओढ अडीच टनांची. सपाटीवर तेवढी पुष्कळ झाली. पण कर्जतच्या पुढे बोरघाटात 37 ला 1 असा चढ आहे, तिथे दर टनामागे सुमारे 30 किलोची ओढ लागते. म्हणजे इंजिनासकट 83 टन. इंजिनाचे 26 वजा केले की एक डबा कसाबसा उरतो, तोही ताशी 14 किलोमीटरने. 1853 च्या 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या 14 डब्यांना आणि 400 पाहुण्यांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती, आणि वाटेत घाट नव्हता!

राहिला काकांचा प्रश्न. रेल्वेत ज्याला 'पाथ' म्हणतात, म्हणजे वेळापत्रकातली गाडीची राखीव वाट, ती मुंबईत सगळ्यात महाग वस्तू आहे. जलद लोकल ठाण्याला साधारण 42 मिनिटांत पोचते. आपलं इंजिन सरासरी ताशी 30 ने गेलं, तर 68 मिनिटं. मागची गाडी ओलांडून जाऊ शकत नाही. चार मिनिटांना एक लोकल धरली, तर 26 मिनिटांच्या या फरकात सहा लोकल गिळल्या जातात. एकेका लोकलमध्ये नुसती दोन हजार माणसं धरा. साठ जणांच्या हौसेसाठी बारा हजार जण फलाटावर! ही तूट कुठल्याच तिकिटाच्या दरात बसत नाही. बरं, मेगाब्लॉकमध्ये रूळ रिकामा असतो म्हणावं, तर तो गँगमनच्या ताब्यात असतो. शिवाय डोक्यावर 25,000 व्होल्टची तार. तिच्याखाली कोळशाच्या ढिगावर चढून कोळसा पुढे ओढायला कोण धजावेल? पूर्वी पाणी भरायचे मोठे नळ फलाटाच्या टोकाला असायचे, तेही गेले.

एकतानगर (पूर्वीचं केवडिया) ते अहमदाबाद मार्गावर 2023 मध्ये रेल्वेने वाफेच्या इंजिनासारखी दिसणारी, पण विजेवर धावणारी गाडी आणली. हिशेबनिसाच्या डोक्याने बघितलं तर चोख उपाय. मला मात्र ती गोडाशिवायच्या श्रीखंडासारखी वाटते.

खरं शहाणपण दार्जिलिंगने दाखवलंय. तिथली छोटी इंजिनं दार्जिलिंग ते घूम अशा जेमतेम आठ किलोमीटरच्या फेऱ्या मारतात. भट्टी एकदाच पेटते, फेऱ्या मात्र दिवसात अनेक होतात, आणि रूळही स्वतःचे. आमच्या दाराशी तसाच दोन फुटी रूळ आहे. 1907 मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीसाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची चार इंजिनं आणली होती. आज तिथे डिझेल आहे. पण अमन लॉज ते माथेरान ही तीनेक किलोमीटरची शटल पावसाळ्यात खालची गाडी बंद असतानाही चालू असते. जंगलात ठिणग्या नकोत म्हणून निलगिरीच्या डोंगरी गाडीसारखी तेलावर चालणारी भट्टी बसवता येईल. साठ खुर्च्या, दिवसाला सहा-आठ फेऱ्या. हिशेब निदान कागदावर तरी श्वास घेतो.

पुढच्या रविवारी मी हा कागद काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून तो वाचला.

"इथे जमेल," ते म्हणाले. "इथे मागे खोळंबणार कोण? माकडं."