मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही

२०१६-१७ मध्ये एक बातमी गाजली होती. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहालयात एक जुनं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल इतर हत्यारांच्या रांगेत कित्येक वर्षं पडून होतं. गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग मारलेला. तो रंग काढल्यावर खालचा क्रमांक दिसला, १६८८९६, आणि हे भगतसिंगांचंच पिस्तूल असल्याची खूण पटली. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये इंग्रज पोलिस अधिकारी सँडर्सवर आपल्या खेडच्या राजगुरूंनी पहिली गोळी झाडली, त्यापाठोपाठ भगतसिंगांनी ज्यातून गोळ्या झाडल्या ते हे पिस्तूल.

ही ओळख पटली, कारण रंगाखालचं पोलाद कोणी घासलेलं नव्हतं. रंग चढवायच्या आधी एखाद्या उत्साही माणसाने कानस किंवा पॉलिश पेपर चालवला असता, तर सहा आकडे गेले असते आणि त्यांच्याबरोबर इतिहासही. म्हणूनच गंजलेलं पिस्तूल दहा मिनिटांत खोलून, घासून, आरशासारखं चकचकीत करून दाखवणारे व्हिडिओ पाहिले की मला राग येतो. त्यात दोन गोष्टी कधी सांगत नाहीत. एक, त्या चकाकीत नेमकं काय नष्ट झालं. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: खोलताना जीव कसा जाऊ शकतो.

हे समजून घ्यायला जर्मन ल्युगर पिस्तुलाइतकं चांगलं उदाहरण नाही. ह्यूगो बोर्चार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलावरून गेऑर्ग ल्युगर यांनी ते विकसित केलं. १९०० मध्ये स्विस सैन्याने, १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये जर्मन भूदलाने ते स्वीकारलं. दोन्ही महायुद्धांत ते वापरात होतं. १९४४-४५ मध्ये इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या आपल्या व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्या मराठा जवानांच्या पलटणी ज्या जर्मन फौजेशी लढल्या, तिच्याकडेही ही पिस्तुलं होती.

ल्युगरचं काळीज म्हणजे त्याचा सांधा. नळीच्या मागचं दार बंद ठेवण्यासाठी त्यात एकामागे एक असे दोन दुवे आहेत, मध्ये एक खीळ. आपण ताठ उभे असतो तेव्हा गुडघा सगळं वजन विनासायास पेलतो, पण मागून कोणी हलकेच टिचकी मारली की पाय दुमडतो. ल्युगरचा सांधा अगदी असाच. मॅक्सिमच्या मशीनगनमध्ये हीच कल्पना आधी वापरली गेली होती.

आता थोडं गणित करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. ९ मिमी काडतुसात दाब साधारण २,३५० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तेवीसशे पट, जाऊ शकतो. ९ मिमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर मागच्या दारावर जवळजवळ १५,००० न्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतका जोर येतो. तो पेलतात फक्त हे दोन दुवे. आणि तोच सांधा, पिस्तूल शांत असताना, दोन बोटांनी वर उचलता येतो.

हे जमतं कसं? सांधा मिटलेला असताना मधली खीळ दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित खाली असते. समजा दुवे या रेषेशी एक अंशाचा कोन करतात. मग मधल्या खिळीवर आडवा जोर येतो तो २ × १५,००० × टॅन १°, म्हणजे सुमारे ५२० न्यूटन, पन्नासेक किलो वजनाइतका. खीळ रेषेच्या खाली असेल तर हा जोर तिला आणखी खाली दाबतो, आणि जितका दाब जास्त तितकं कुलूप घट्ट. तीच खीळ एक अंश वर असेल तर तेवढाच जोर सांधा उघडू पाहतो. दुव्याची लांबी ४० मिमी धरली तर एक अंश म्हणजे ०.७ मिमी. पाऊण मिलिमीटरही नाही.

मग दार उघडतं केव्हा? गोळी सुमारे ८ ग्रॅमची. नळी आणि तिच्याबरोबर मागे सरकणारा भाग समजा ४०० ग्रॅमचा. संवेग अक्षय्यतेनुसार गोळी १०० मिमी पुढे जाईपर्यंत नळी पन्नासाव्या हिश्शाने, म्हणजे २ मिमी मागे येते. एवढ्यात गोळी बाहेर पडलेली असते, दाब उतरू लागलेला असतो. त्यानंतर मागे जाणाऱ्या सांध्याच्या दोन्ही बाजूंची बोंडं चौकटीवरच्या उतारावर आपटतात, खीळ रेषेच्या वर उचलली जाते आणि सांधा दुमडतो. सगळं वेळापत्रक एक-दोन मिलिमीटरवर बेतलेलं आहे. म्हणून कारखान्यात हे भाग एकमेकांना जुळवून बसवत, आणि अगदी लहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकत. चार जुनी पिस्तुलं खोलून भागांची सरमिसळ केली, तर ती जोडली जातील, हातात छान वाटतीलही. पण रेषा पूर्वीच्याच जागी आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही.

आता जीव घेणारी गोष्ट. बहुतेक पिस्तुलांत चाप आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) किंवा घोडा अडवून ठेवणारी खाच, म्हणजे सिअर, दोन्ही खालच्या चौकटीत असतात. वरचा भाग निघाला की त्याला उडवणारं काही उरत नाही. ल्युगरमध्ये तसं नाही. तिची सिअर म्हणजे वरच्या, नळी आणि सांधा असलेल्या भागाच्या डाव्या अंगाला, बाहेरच्या बाजूने बसवलेली एक लांबट चपटी पट्टी. चाप मात्र खाली चौकटीत, आणि दोघांना जोडणारा तरफेचा तुकडा बाजूच्या झाकणात. झाकण आणि चौकट काढून टाकली, की उघडी पट्टी तुमच्या हातात येते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या घरात, काडतूस असेल आणि फायरिंग पिन मागे ताणलेली असेल, तर त्या पट्टीवर अंगठा दाबला जाणं पुरेसं आहे. मूठ नाही, चाप नाही, सेफ्टीची कळही चौकटीबरोबर टेबलावर पडलेली, आणि तरीही गोळी सुटते.

ही भीती कल्पनेतली नाही. १९३० च्या दशकात जर्मन पोलिसांच्या ल्युगरवर एक जादा अडसर बसवला गेला. झाकण निघालं की तो सिअरची पट्टी आपोआप अडवतो. रोज हत्यार हाताळणाऱ्यांसाठी जी सोय करावी लागली, तिची गरज आपल्याला नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यातच शीर्षकातला गैरसमज येतो. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढलं तरी आधीच चेंबरमध्ये शिरलेलं काडतूस तिथेच राहतं. बहुतेक ल्युगरवर त्याची खूण आहे: चेंबर भरलेलं असलं की काडतूस ओढणारा आकडा वर उचलला जातो आणि त्याच्या डाव्या अंगावर ‘गेलाडन’, म्हणजे भरलेलं, हा जर्मन शब्द दिसतो. पण ऐंशी-शंभर वर्षांत तो आकडा झिजलेला, तुटलेला किंवा बदललेला असू शकतो. आकडा खाली आहे एवढ्यावर विसंबू नये. ‘रिकामी बंदूकही वर्षातून एकदा उडतेच’ असं म्हणणारी मंडळी भेटतात, काही जण त्यामागे दैवी कोपही शोधतात. कोप वगैरे काही नाही. ती बंदूक रिकामी नसते, एवढंच. चेंबर कोणी पाहिलेलं नसतं.

काडतूस नसलं तरी ऊर्जा असतेच, स्प्रिंगमध्ये. दाराच्या मागच्या टोकाला एक खाच असलेली गुंडी आहे. तिच्यामागे फायरिंग पिनची स्प्रिंग दबून बसलेली असते. पेचकस लावून पाव वळसा दिला की गुंडी सुटते. समजा स्प्रिंगमध्ये ०.२ ज्यूल ऊर्जा आहे आणि गुंडी ३ ग्रॅमची आहे. तिचा वेग येतो सेकंदाला साडेअकरा मीटर, ताशी चाळीस किलोमीटरहून जास्त. आणि त्या क्षणी माणसाचा चेहरा नेमका तिच्या रेषेत वाकलेला असतो.

जोडतानाही पंचाईत आहे. मुठीतल्या मोठ्या स्प्रिंगला सांध्याशी जोडणारा एक वाकडा आकडा लोंबकळता असतो. तो ठरल्या जागी आला नाही तर सांधा नीट चालत नाही. मग न कळणारा माणूस जोर लावतो, हातोडी आणतो.

पृष्ठभागाकडे वळू. जुन्या ल्युगरच्या चाप, सेफ्टीची कळ अशा लहान भागांवर पिवळसर तपकिरी छटा दिसते. अनेकांना तो गंज वाटतो. घासलेलं पोलाद सव्वादोनशे ते अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की त्यावर शंभर नॅनोमीटरहूनही (मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही) पातळ असा ऑक्साइडचा थर बसतो. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. तीनशे अंशांकडे गेलं तर निळा येतो. इतका पातळ थर चिंच-लिंबू, गंज काढायचं द्रावण किंवा पितळेची पॉलिश, कशानेही क्षणात जातो. पुन्हा तापवून रंग आणता येतो, पण उष्णतेने पोलादाचा कडकपणाही बदलतो, आणि मूळ कारखान्याचा थर तर गेलेलाच असतो. खंडेनवमीला शस्त्रपूजा अवश्य करावी. मात्र ओल्या हळदकुंकवाची बोटं आणि भिजलेली झेंडूची फुलं रात्रभर पोलादावर राहिली, तर सकाळी तिथे गंजाचा ठिपका धरलेला असतो.

आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं तर चाप, कळ, सांधा यांना हात न लावता, नळीच्या समोर कोणी येणार नाही याची काळजी घेऊन ते जागेवरच ठेवावं आणि पोलिस ठाण्याला कळवावं. सोबतची जुनी काडतुसं चालतात का हे पाहायच्या फंदात पडू नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार अग्निशस्त्राचे सुटे भागही अग्निशस्त्रात मोडतात, त्यामुळे ते खोलून तीन पिशव्यांत ठेवल्याने काही बदलत नाही. दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. आपला परवाना होईपर्यंत पिस्तूल पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा ठेवता येतं. जमा करताना त्यावरचे सगळे क्रमांक पावतीवर लिहून घ्यावेत, लहान भागांवरचे दोन-दोन आकडेसुद्धा.