रोबोटला टोक दाखवावं लागतं

रोबोटला हालचाली शिकवायचं हातात धरायचं यंत्र, म्हणजे टीच पेंडंट, पहिल्यांदा हातात आलं की माझ्या वर्गातल्या मुलांचं लक्ष स्क्रीनकडे जातं. मी त्यांना ते आधी उलटं करून बघायला लावते. मागच्या बाजूला, बोटं आपसूक टेकतात तिथे, एक बटण असतं. औद्योगिक रोबोट पेंडंटवरून थोडा थोडा हलवायचा, म्हणजे जॉग करायचा, तर ते दाबून धरावंच लागतं. सोडलं की रोबोट थांबतो. इथवर सगळ्यांना पटतं. मग मी म्हणते, आता करकचून दाबा. तरीही रोबोट थांबतो! तो चालतो फक्त मधल्या, हलक्या दाबावर.

याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. रोबोट अचानक अंगावर आला तर कुणी दचकून हातातलं सोडून देतं, कुणी हातात असेल ते घट्ट आवळतं. आपण यातलं काय करू, हे वेळ आल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून दोन्हीकडे ‘थांब’. शिवाय शिकवण्याच्या मोडमध्ये रोबोटच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ दिला जात नाही. घाबरलेल्या माणसाचा इतका नीट विचार केलेली वस्तू कारखान्यात क्वचितच दिसते, आणि मला ती फार आवडते.

आता रोबोटला स्वतःबद्दल काय ठाऊक असतं? फार थोडं. नेहमीच्या रोबोटला सहा सांधे असतात, आम्ही त्यांना ॲक्सिस म्हणतो. कोणता ॲक्सिस किती अंशांत वळलाय, हे एन्कोडर सांगतो. त्या सहा कोनांवरून आणि हाताच्या लांबीवरून कंट्रोलर मनगटाची चकती कुठे आहे हे गणिताने काढतो. बस, एवढंच. समोर काय ठेवलंय, त्या चकतीला बोल्टने काय लावलंय, याचा त्याला पत्ता नसतो.

टोक कुठे कुठे न्यायचं त्या जागा, म्हणजे पॉइंट, शिकवले की एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जायचं कसं, हे ठरवावं लागतं. जॉइंट मूव्ह दिली तर सगळे ॲक्सिस एकदम निघतात, एकदम पोचतात आणि टोक वाटेत वळसा घेतं. लिनिअर मूव्हमध्ये टोक सरळ रेषेत जातं आणि सांध्यांना ते सांभाळावं लागतं. वेल्डिंगला दुसरी हवीच. पण सरळ रेषेच्या वाटेत सिंग्युलॅरिटी नावाची अडचणीची जागा येऊ शकते. डोक्यावरून जाणारं विमान बोटाने दाखवत राहा. लांब असताना बोट सावकाश फिरतं. विमान अगदी माथ्याजवळून गेलं की क्षणात अर्धी गिरकी घ्यावी लागते. रोबोटचे चौथा आणि सहावा ॲक्सिस एका रेषेत आले की असंच होतं. टोक जेमतेम सरकत असतं, पण त्या दोन सांध्यांकडे प्रचंड वेग मागितला जातो. मग रोबोट एरर देऊन थांबतो. शिकाऊ मुलाला वाटतं, मशीन बिघडलं. खरं तर जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, थोडा बाजूला सरकवला किंवा वेल्डिंगची टॉर्च जरा कलती धरली तरी बहुतेक वेळा काम होतं.

कोबॉट, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा आणि हात धरून फिरवून शिकवता येणारा रोबोट, आल्यावर हे सगळं सोपं झालं, असं म्हणतात. हात धरून शिकवणं तसं जुनंच आहे. १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागलेला युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट गरम ओतीव भाग उचलायचा, आणि त्याच्याही हालचाली आधी करून दाखवून मॅग्नेटिक ड्रमवर साठवलेल्या असत. ‘कोबॉट’ हा शब्द मात्र १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आला, आणि २००८ साली डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने आपला पहिला कोबॉट विकला. आपल्याकडे चाकणच्या बजाज ऑटोमध्ये हे कोबॉट लायनीवर माणसांच्या बरोबरीने काम करतात. माणसाला धक्का लागल्याचं ओळखून ते थांबतात. शरीराच्या कोणत्या भागावर किती जोर चालेल, याच्या मर्यादा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१६ साली एका दस्तऐवजात दिल्या. पण ग्रिपरमध्ये, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या पंजात, धारदार पत्रा असेल तर त्या कोबॉटला सुरक्षित म्हणता येत नाही. हे मी दर बॅचला सांगते.

कोबॉटलाही हातातल्या वस्तूचं वजन सांगावं लागतं. ग्रिपर दोन किलोचा असून एक किलो भरलं, तर हाताने फिरवायचं बटण दाबताच रोबोटचा हात आपोआप खाली यायला लागतो. जास्त भरलं तर वर चढतो.

आणि टोक तर दाखवावंच लागतं. आपण पेन हातात घेतलं की निबेचं टोक कुठे आहे याचा विचार करत नाही. रोबोटसाठी आम्ही टेबलावर एक सुई उभी ठेवतो. रोबोटला लावलेल्या टूलचं टोक त्या सुईच्या टोकाला चार वेळा भिडवायचं, दर वेळी मनगट वेगळ्या बाजूला कलतं ठेवून. टोक एकाच जागी, चकती चार जागी. म्हणजे चकतीच्या चारही जागा एका गोलावर येतात आणि त्या गोलाचं केंद्र म्हणजे टूलचं टोक. शाळेत तीन बिंदूंतून वर्तुळ काढलं होतं, त्याचंच हे पुढचं रूप.

गेल्या बॅचमधल्या एका मुलीचे चारही पॉइंट नीट भिडले होते, तरी हिशोब चुकत होता. टोकाभोवती मनगट फिरवलं की टोक सुईपासून दूर जायचं. तिने चारही वेळा मनगट जवळजवळ तसंच ठेवलं होतं. तीन बिंदू एकमेकांना चिकटून घेतले तर वर्तुळाचं केंद्र कुठेही भरकटतं, तसंच. तिने सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. एकदा सरळ वरून, एकदा उजवीकडे भरपूर कलवून, एकदा डावीकडे, एकदा पुढे झुकवून. पाऊण तास गेला. मग रोबोट टूलच्या टोकाभोवती फिरेल असा टूल मोड लावून तिने पेंडंटमागचं बटण हलकंच दाबलं. अख्खा हात सुईभोवती डुलत फिरला आणि टोक सुईवरून हललं नाही.