पांगुळगाडा (बालभौतिकोपचार)

पांगुळगाडा : चालायला शिकणाऱ्या किंवा चालण्यास आधार लागणाऱ्या मुलाने उभे राहून धरावयाची चाकांची चौकट. घरोघरी माहीत असलेला तीन चाकांचा लाकडी गाडा हे तिचे साधे रूप होय. सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात), स्पायना बायफिडा (पाठीचा कणा पुरता न जुळण्याचा जन्मजात दोष), स्नायूंचे आनुवंशिक विकार इ. कारणांनी ज्या मुलांची चाल उशिरा येते वा अपुरी राहते, त्यांना भौतिकोपचारात (फिजिओथेरपीत) धातूच्या नळ्यांची चौकट देतात. तिला दवाखान्यात ‘वॉकर’ म्हणतात. कोल्हापूरकडची वडीलधारी माणसे तिलाही पांगुळगाडाच म्हणतात. नाव एक असले, तरी दोन्ही वस्तूंचे काम वेगळे आहे. लाकडी गाडा हा आज ना उद्या चालणारच अशा मुलासाठी असतो, तर धातूची चौकट तिच्याविना चालणे कठीण अशा मुलासाठी. रचनेतले बहुतेक फरक यातूनच आले आहेत.

व्युत्पत्ती : ‘पांगुळ’, ‘पांगळा’ ही रूपे संस्कृत पङ्गु, पङ्गुल यांवरून आली, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो समासाचा. ‘पांगुळाचा गाडा’ असा विग्रह केला, तर दोन अर्थ संभवतात. पहिल्यानुसार हा मुळात पाय अधू असलेल्या माणसाचा गाडा. फळीला चाके लावून तीवर बसलेला व हातांनी जमीन रेटीत जाणारा याचक जत्रेत, देवळाच्या वाटेवर दिसत असे. त्याच्या गाड्याचे नाव पुढे मुलांच्या गाड्याला मिळाले, असे यात गृहीत आहे. दुसऱ्यानुसार अजून पाय न फुटलेले मूल हेच पांगुळ, आणि त्याचा म्हणून हा गाडा. पहिल्या अर्थाची अडचण अशी की, त्या गाड्यावर बसायचे असते आणि या गाड्याला धरून उभे राहायचे असते. वस्तूचे रूपही जुळत नाही आणि वापरही. चालू लागण्याला मराठीत ‘पाय फुटणे’ म्हणतात, म्हणजे त्याआधीचे मूल भाषेच्या दृष्टीने बिनपायाचेच असते. हे पाहता दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

पहाटे फेरी काढून दान मागणाऱ्या ‘पांगूळ’ नावाच्या भिक्षेकऱ्यांशीही या शब्दाचे नाते जोडता येईल. ते सूर्याचा सारथी अरुण याच्या नावाने दान मागतात, असे सांगितले जाते. अरुण पुराणकथेत मांड्यांविना जन्मलेला, म्हणून ‘अनूरु’. पांगळा सारथी आणि त्याचा रथ ही जोडी रम्य खरी. पण रथावरून लेकराच्या गाड्यापर्यंत पोहोचायला मधला एकही दुवा नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडाची होत असल्याने ‘पांगारा’ व ‘पांगुळ’ यांचा संबंध लावण्याचाही मोह होतो. ते निव्वळ ध्वनिसाम्य समजावे.

शब्द किमान एकोणिसाव्या शतकाइतका जुना आहे; मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१; सुधारित आवृत्ती १८५७) तो चालायला शिकणाऱ्या मुलाच्या गाड्यासाठी येतो. वस्तू त्याहून बरीच जुनी असावी, परंतु लाकूड टिकत नाही. उत्खननांत सापडणाऱ्या मातीच्या छोट्या चाकांवरून पांगुळगाड्याचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही, कारण तशी चाके दोरीने ओढावयाच्या खेळण्यांचीही असतात. एकनाथांच्या भारुडांतील आंधळा-पांगळा ही रूपके शब्दाचे वय सांगतात, गाड्याचे नव्हे. युरोपात मात्र चित्राचा पुरावा मिळतो. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे सुमारे १४४० मध्ये चितारलेल्या ‘कॅथरीन ऑफ क्लीव्हज’च्या प्रार्थनापोथीत बाळ येशू लाकडी चालचौकटीत दाखविला आहे. लेकरू चालायला लागले की हाताशी काहीतरी लागते, हा अनुभव सर्वत्र सारखा असल्याने कोणी कोणाचे उचलले हे शोधण्यात फारसे हशील नाही.

बैठकीचा वॉकर : प्लॅस्टिकच्या गोल कड्यात कापडी बैठक असलेल्या वॉकरलाही अलीकडे पांगुळगाडा म्हटले जाते. ते नाव त्याला देऊ नये. त्यात मूल उभे राहत नाही, लोंबते. पायाच्या बोटांनी जमीन रेटते आणि क्षणात जिन्याशी किंवा चुलीशी पोहोचते. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशाच बंदीची मागणी केली आहे. पायांत ताठरपणा असलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक तोटा होतो : चवड्यांवर रेटण्याची जी सवय मोडायची, तिलाच त्यात सराव मिळतो. ‘पोरगं पाय टाकंना’ म्हणून घरच्यांनी सर्वांत आधी विकत आणलेली वस्तू पुष्कळदा हीच असते.

चौकट कोणाला : सेरेब्रल पाल्सीचे वर्णन लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी १८६१-६२ मध्ये केले. पण कोणते मूल कशाच्या आधाराने चालेल, याची सर्वमान्य मोजपट्टी यायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात पालिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्थूल हालचालींचे पाच स्तरांत वर्गीकरण केले. २००७ मध्ये ते १८ वर्षांपर्यंत वाढविण्यात आले. पहिल्या स्तरावरील मूल आधाराविना चालते. दुसऱ्यावरच्या मुलाला सुरुवातीस काही काळ चौकट लागू शकते. हातात धरावयाच्या साधनाने चालणे हे तिसऱ्या स्तराचे लक्षणच होय. चौथ्या स्तरावर धडाला पट्ट्यांचा आधार देणारी मोठी चौकट लागते आणि लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची. पाचव्यावर बहुतांशी खुर्चीच. हे स्तर म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. तिसऱ्या स्तरावरील मुलाला ‘वॉकर सोडव’ म्हणून सतत टोचण्याने चाल सुधारत नाही, मूल चालणे टाळू लागते.

पुढची व मागची चौकट : लाकडी गाडा मुलाच्या पुढे असतो. दवाखान्यातील जुन्या चौकटीही पुढेच असत, कारण त्या मोठ्यांच्या वॉकरच्या लहान आवृत्त्या होत्या. मांडीचे स्नायू आखडलेले मूल अशा चौकटीवर ओणवे होते. कंबर मागे राहते, गुडघे वाकतात, वजन हातांवर येते आणि गाडा पुढे पळतो. यावर उपाय म्हणून चौकट फिरवून मुलाच्या पाठीमागे आणली गेली. मूल तिच्या आत उभे राहते, धरावयाच्या मुठी दोन्ही बाजूंना असतात आणि समोर काहीच नसते. वजन टाकायला पुढे जागाच उरत नसल्याने धड सरळ होते. मागील चाके एकाच दिशेने फिरणारी ठेवतात. मूल मागे रेलले तर ती अडतात व चौकट बाकासारखी पाठीशी उभी राहते. समोर मोकळे असल्याने टेबलाशी, फळ्याशी, आईच्या कुशीशी थेट जाता येते. तांत्रिक चर्चेत न येणारा हा फायदा मुलाच्या लेखी बहुधा सर्वांत मोठा असावा.

मागची चौकट श्रेष्ठ, हे मत १९९० च्या सुमारास लोगन व सहकाऱ्यांनी केलेल्या चालविश्लेषणापासून दृढ झाले. श्रमांविषयी मात्र निष्कर्ष जुळत नाहीत. मॅटसन व अँडरसन यांना (१९९७) दोन्ही प्रकारांत प्राणवायूच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही. २००१ मधील एका अभ्यासात मागच्या चौकटीने तो कमी होताना दिसला. या अभ्यासांतील मुलांचे गट फार लहान होते, आणि २०१८ मधील पद्धतशीर आढाव्यानेही पुराव्याचा दर्जा कमी ठरवला; तरी अंगस्थिती व स्थिरता यांबाबत कल मागच्या चौकटीकडेच दाखविला. प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही चौकटींवर मुलाला काही दिवस चालवून पाहणे हेच बरे. ज्या मुलाला मागे काय आहे ते दिसल्याशिवाय धीर येत नाही, किंवा जे सारखे मागे रेलते, त्याला पुढची चौकटच मानवते.

माप : मूल बूट घालून ताठ उभे असता हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जेथे येते, तेथे मूठ असावी, मूठ धरल्यावर कोपरात १५ ते ३० अंश वाक राहतो. मूठ उंच झाली तर खांदे कानाशी जातात, खाली झाली तर मूल ओणवे होते. कंबरेशी लावलेल्या गाद्या कंबर सरकू देत नाहीत. मुठी धरवत नसतील, तर कोपरापासून मनगटापर्यंत टेकायला पन्हळीच्या आकाराचे आधार लावतात. वाढत्या मुलाचे माप दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते.

जोडीची साधने : चौकट एकटी क्वचितच दिली जाते. घोट्याला आधार देणारा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा साचा, ज्याला पालक नुसते ‘बूट’ म्हणतात, तो प्लास्टरचे माप घेऊन तयार होतो. अजून उभे न राहणाऱ्या मुलाला उभे करण्याच्या चौकटीत (स्टँडिंग फ्रेम) बांधून उभे करतात. किती वेळ, याविषयी पेलेग व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिलेले आकडे आज सामान्यतः वापरले जातात : आठवड्यातून ५ दिवस, हाडांच्या घनतेसाठी रोज ६० ते ९० मिनिटे, सांध्यांच्या हालचालीसाठी ४५ ते ६०, ताठरपणा कमी होण्यासाठी ३० ते ४५ मिनिटे. खुबा जागेवर राहावा म्हणून दोन्ही पाय मिळून ३० ते ६० अंश फाकवून ६० मिनिटे उभे करावे, असेही त्यात सुचविले आहे. पोलिओच्या काळातील लांब कॅलिपर (पायाला बांधावयाच्या धातूच्या पट्ट्या) आता मुलांत क्वचित दिसतात. भारतातील नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

कोल्हापूर परिसरात : जिल्ह्याचे मुख्य शासकीय रुग्णालय छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर. जुनी माणसे त्याला अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. अपंगांच्या शिक्षण-पुनर्वसनात १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेचे नाव प्रथम येते. हुरजूक स्वतः चाकाची खुर्ची वापरतात आणि त्यांच्या आत्मकथनाचे नावही तेच आहे. उचगाव येथील संस्थेच्या वसतिगृहामुळे खेड्यांतील मुलांच्या शिक्षणाची सोय झाली.

शासकीय साधनांचा मोठा भाग कानपूरच्या अलिम्को या सार्वजनिक कंपनीत (स्थापना १९७२) तयार होतो व दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून शिबिरांत वाटला जातो. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीतून मुले पुढे पाठविली जातात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते.

साधनाची खरी कसोटी दवाखान्यातील फरशीवर लागत नाही. जुन्या वाड्याचा उंबरा, दारातील दगडी पायरी, शेणाने सारवलेले अंगण आणि मृगानंतरचा काळा चिखल यांत लहान चाकांची चौकट रुतते. पन्हाळा, गगनबावड्याकडच्या उताराच्या वाटांवर उलट ती आवरत नाही. मोठी, हवेची वा जाड रबरी चाके आणि उंबऱ्याला लाकडी उतार हे दोन बदल बहुतेक घरांना पुरतात, आणि लोखंडी नळी वाकवणे, सांधणे, चाकाची आस बदलणे ही कामे शिवाजी उद्यमनगरसारखी कारखानदारी असलेल्या शहरात अवघड नसावीत. कारागिराला दाखवायचे ते एवढेच, की मुठीची उंची आणि चाकांमधले अंतर बदलू नये. रुंदी कमी केली की चौकट दारातून जाते, पण मुलासकट कलंडते.

ऊसतोडीसाठी बीड व आसपासच्या भागांतून येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची अडचण वेगळी. दिवाळीच्या आगेमागे ही कुटुंबे गावाकडून निघतात आणि गाळप संपेपर्यंत फडाच्या कडेला कोपीत राहतात. माप एका जिल्ह्यात आणि वाटप दुसऱ्या जिल्ह्यात, मधे हंगाम उलटलेला. अशाने हाती आलेले बूट आखूड होतात.

‘एडिप’मध्ये एकदा साधन मिळाल्यावर त्याच कारणासाठी पुन्हा मिळण्यास तीन वर्षांची अट आहे, बारा वर्षांखालील मुलांना ती एकच वर्षाची. वाढीच्या वयात वर्षही लांबते, म्हणून लहान पडलेली चौकट ओळखीतल्या धाकट्या मुलाकडे जाते. ती घेताना मागील चाकांचा अडसर अजून धरतो का, हे आधी पाहावे. तो झिजला, तर मागची चौकट मूल रेलताच मागे घसरते.