बाहेरून मऊ, आतून बर्फ: सापाच्या जेवणाचं भौतिकशास्त्र

माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याच्या लेकीने हट्ट करून बॉल पायथन पाळलाय. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर, घाबरला की चेंडूसारखा गुंडाळून बसतो म्हणून हे नाव, आणि तिकडे पेट शॉपमध्ये सहज मिळतो. परवा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, हातात झिपलॉकची पिशवी, त्यात सापासाठी आणलेला गोठवलेला पांढरा उंदीर, दगडासारखा कडक, शेपूट काडीसारखी ताठ. "मामा, मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरवला तर चालेल ना?" मी एकदम ओरडलोच, अरे नको नको! आणि मग पाऊण तास का नको ते सांगत बसलो, तेच इथे लिहितोय कारण यात जे भौतिकशास्त्र आहे ते मला फार आवडतं.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे नाग, धामण, अजगर असे आपले साप घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून कोणी प्रयोग करू नका. तिकडे रीतसर साप पाळणारे लोक फ्रीजरमधले उंदीर वापरतात, कारण जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि सापाला भूक नसली तर उंदीरच त्याला चावून जबर जखमी करतो.

आता मुद्दा. २५ ग्रॅमचा उंदीर घ्या, त्यात साधारण १७ ग्रॅम पाणी धरू. फ्रीजरमध्ये ते उणे १८ अंशांवर बर्फ होऊन बसलंय. नुसत्या पाण्यापुरता हिशोब करू. उणे १८ वरून शून्यावर यायला लागतात साधारण ६५० ज्यूल. शून्यापासून ३८ अंशांपर्यंत गरम करायला २७०० च्या आसपास. आणि मधे, शून्यावरच, तापमान जवळजवळ न हलता, नुसता बर्फ वितळायला ५७०० ज्यूल! एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात, शाळेत सुप्त उष्मा म्हणून पाठ केलेला तो हाच. म्हणजे एकूण उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा अशा कामात जातो जे थर्मामीटरवर दिसतच नाही. उंदराच्या पोटात थर्मामीटर खुपसून बसलात तर काटा शून्याजवळ अडकून राहील, आणि बाहेरची कातडी तोवर मस्त कोमट मऊ झालेली असेल, हात लावून वाटेल झालं की.

त्यात अजून एक गंमत आहे. बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा जवळजवळ चौपट सहज वाहते. गोठवताना बाहेरून बर्फ होत जातो आणि आतली उष्णता त्या बर्फातून पटकन बाहेर पडते, पण वितळवताना बाहेरून पाणी होत जातं, आणि आत जाणाऱ्या उष्णतेला त्याच मंद थरातून वाट काढावी लागते, थर जाड होत जातो तसं काम अजून मंदावतं. म्हणून तापमानाचा फरक सारखा असला तरी वितळायला गोठण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि हा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीचा मोठा उंदीर असेल तर वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट. छोट्या उंदरावरून अंदाज बांधून मोठ्याला तेवढाच वेळ दिला तर आत बर्फाचा गोळा राहणारच.

मायक्रोवेव्हमध्ये तर हे अजून बिघडतं. द्रव पाण्याचे रेणू लहरींच्या तालावर इकडेतिकडे वळतात आणि त्यातून गरम होतात, बर्फातले रेणू जाळीत जखडलेले असतात, ते फारसं शोषतच नाहीत. त्यामुळे जिथे पहिला थेंब वितळतो तो भाग सगळ्या लहरी ओढून घेतो, अजून तापतो, अजून ओढतो. एका बाजूला मांस शिजतं, पोटात वाफ होऊन कातडी फाटते, आणि दोन सेंटिमीटरवर बर्फ तसाच.

मग आतला गोळा राहिला तर बिघडतं काय? साप थंड रक्ताचा, अख्खा घास गिळतो आणि तो पचवायची उष्णता बाहेरून घेतो. आत बर्फाचा खडा गेला तर पचन मंदावतं, घास उलटून पडायची शक्यता वाढते. शिवाय बर्मीज अजगरावरच्या अभ्यासातून एक विलक्षण गोष्ट कळलीय, उपाशी असताना त्याच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच! गिळल्यावर कारखाना सुरू होतो आणि पीएच २ च्या आसपास, म्हणजे तीव्र आम्लावर, यायला दिवसभर लागतो. तोवर उंदराच्या आतड्यातले जिवाणू मोकळे.

आणि ते जिवाणू आपलेही शत्रू. गोठवल्याने साल्मोनेला नावाचा जिवाणू मरत नाही, नुसता थांबतो. अमेरिकेत २०१४ मध्ये अशाच गोठवलेल्या उंदरांमुळे १८ राज्यांत ३७ जण आजारी पडले होते. ४ ते ६० अंश हा जिवाणूंच्या सोयीचा पट्टा, म्हणून ओट्यावर सकाळपासून ठेवून द्यायचं नाही. उंदीर पिशवीत बंद करून, वेगळ्या डब्यात, जमलं तर वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचा, सुप्त उष्मा तिथे सावकाश भरून निघतो. मोठा असेल तर अजून वेळ द्यायचा. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही.

व्हिडिओ कॉलवर माझी ताई मागून म्हणाली, "इतका खटाटोप कशाला, दूध नाही का चालत?" नाही ताई, अजिबात नाही. साप मांसाहारी आहे, दूध त्याचं अन्नच नाही. नागपंचमीला जो दूध पितो तो गारुड्याने कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला जीव असतो, मिळेल तो द्रव पितो आणि बरेचदा त्यानेच मरतो. ही पूजा नाही, छळ आहे, हे आता तरी सोडायला हवं.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर शेवटची पायरी. पिशवीसकट उंदीर आंघोळीच्या पाण्याइतक्या गरम, म्हणजे ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचा, उकळतं अजिबात नको. हे कशासाठी, तर बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला भक्ष्याच्या अंगाची उष्णता जाणवते. त्यामागे टीआरपीए-वन हा रेणू आहे हे २०१० मध्ये कळलं, त्या संशोधनात असलेल्या डेव्हिड ज्युलियस यांना उष्णतेच्या जाणिवेवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. थंड उंदीर या सापाला भक्ष्यासारखा जाणवतच नाही, म्हणून तो तोंड फिरवतो आणि मालक म्हणतो साप आजारी आहे!

भाच्याने दुसऱ्या दिवशी असंच केलं. बोटांनी पोट हलकेच दाबून बघितलं, मधे कडक लागलं, परत पंधरा मिनिटं पाण्यात. मग पुसून, लांब चिमट्यात धरून आत नेला. जीभ दोनदा बाहेर आली, मान इंग्रजी एससारखी आखडली, आणि झडप इतकी झटकन की फोनच्या कॅमेऱ्यात नुसता धूसर पट्टा आला. लेकीला मी साबणाने हात धुवायला पाठवलं, आणि दोन दिवस त्याला उचलायचं नाही असं बजावलंय.