खिशातला फोन आणि 520 किलोमीटरवरचा टॉवर

24 डिसेंबर 2025 ला इस्रोच्या एलव्हीएम3 रॉकेटनं श्रीहरिकोट्याहून सुमारे 6100 किलो वजनाचा 'ब्लूबर्ड' हा अमेरिकी उपग्रह सोडला. संध्याकाळपर्यंत आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या कॉलनी ग्रुपवर फॉरवर्ड येऊन धडकलं: आता टॉवर भंगारात, रिचार्ज बंद, फोन थेट आकाशातून! यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. सॅटेलाइट फोनसारखी जाडजूड अँटेना नको, वेगळं सिम नको, हातातलाच साधा 4जी फोन चालतो.

हे सहजासहजी व्हायला नको होतं. फोनची प्रक्षेपणशक्ती फार तर 0.2 वॅट. टॉवर 2 किलोमीटरवर धरला तर 520 किलोमीटरवरचा हा उपग्रह 260 पट दूर, म्हणजे व्यस्त वर्गाच्या नियमानं सिग्नल सुमारे 67 हजार पट क्षीण. फोन ओरडू शकत नाही, म्हणून कान मोठा केला. कक्षेत उलगडणारं याचं पॅनेल 223 चौरस मीटरचं, म्हणजे मनीषनगरात ऐसपैस बंगला उठेल असा 2400 चौरस फुटांचा प्लॉट. त्यावर छोट्या अँटेनांची दाटी. प्रत्येकीकडे लहर किंचित मागेपुढे पोचते. तो फरक इलेक्ट्रॉनिक्सनं भरून काढला की सगळ्या लहरींचे उंचवटे एकावर एक बसतात आणि कुजबुजही ऐकू येते.

माझ्या मते खरी गंमत याच्या पुढे आहे. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून वेगात पळतो. जवळ येताना त्याची लहर दाबली जाते, दूर जाताना ताणली जाते. शाळेत शिकलेला डॉप्लर परिणाम. 850 मेगाहर्ट्झच्या लहरीत हा फरक 20 किलोहर्ट्झच्या आसपास जातो. किरकोळ वाटेल, पण 4जीमध्ये माहिती शेकडो बारीक उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या लहरींवर, वाटून येते आणि शेजारच्या दोन उपवाहकांतलं अंतर असतं फक्त 15 किलोहर्ट्झ. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या घरात! मात्र उपग्रह या क्षणी कुठे आहे आणि त्याचा बीम, म्हणजे लहरींचा झोत, जमिनीवर कुठे पडतोय, हे उपग्रहामार्फत फोनशी बोलणाऱ्या जमिनीवरच्या केंद्राला पक्कं ठाऊक असतं. वाटेत वारंवारता जेवढी वाढणार, तेवढी ते आधीच कमी करून पाठवतं.

वेळेचंही तेच. 4जीचं गणित 100 किलोमीटरच्या आतल्या फोनसाठी बांधलंय. त्यापलीकडच्याचं उत्तर उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसतं. उपग्रह तर अगदी डोक्यावर असला तरी 520 किलोमीटर. म्हणून बीमच्या मध्यापर्यंतचा विलंब केंद्र सगळ्यांच्याच हिशेबातून वजा करतं. उरतो तो मध्य आणि कडेतला फरक, तो त्या मर्यादेत बसतो. फोन बिचारा समजतो, टॉवर इथेच कुठेतरी आहे.

आता फॉरवर्डबद्दल. ब्लूबर्डची मालक एएसटी स्पेसमोबाइल ही कंपनी एका बीममागे 120 एमबीपीएसपर्यंत वेग सांगते, पण त्या बीमखाली अख्खा तालुका येतो. हजार जणांनी एकदम रील लावल्या की वाटणीला 0.12 एमबीपीएस. शिवाय स्लॅबखाली सिग्नल पोचणं कठीण. टॉवर कुठेही जात नाहीत, आणि लहरी मोबाइल कंपनीच्याच असल्यामुळे रिचार्जही सुटत नाही. व्होडाफोन आयडियानं जून 2025 मध्ये एएसटीशी भागीदारी जाहीर केली ती याचसाठी. याच ग्रुपवर 'उपग्रहाच्या किरणांनी पाऊस पळतो' असंही कुणी लिहिलं. बावा, जो सिग्नल स्लॅब भेदत नाही तो ढग काय पळवणार?

उपयोग आहे तो पेंच व्याघ्र प्रकल्पासारख्या ठिकाणी, जिथे आत शिरलं की फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या एकेक करून गळतात. पण जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळंभोर आकाश जपणारी जागा, ठरलेलं जंगलही तेच. याच कंपनीचा 2022 चा चाचणी उपग्रह, ब्लूवॉकर 3, 64 चौरस मीटरचा असून कधीकधी आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत बसायचा. नव्याचं पॅनेल तिपटीहून मोठं. वनमजुराला साप चावल्यावर फोन लागणार असेल तर एक पळता ठिपका मी खुशाल सहन करीन. पण असे डझनावारी सोडायचे बेत आहेत, आणि उपग्रहानं किती उजळावं याला आंतरराष्ट्रीय पातळीवर अजून सक्तीचा नियम नाही.