शब्द कळत नाहीत? रेकॉर्ड ठीक आहे
(आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या रेकॉर्ड घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

या बँडची पहिली रेकॉर्ड 'मर्मर' घरी नेलेले काही ग्राहक आठवड्याभरात परत येतात. "अहो, गायक काय म्हणतोय तेच कळत नाही. सुईसुद्धा बदलून पाहिली." सुईवर खर्च करू नका. १९८३ साली मायकल स्टाइप असाच गायचा, शब्द अर्धे ओठांतच ठेवून. शिवाय आवाज वाद्यांच्या वर न ठेवता त्यांच्यात मिसळलेला. कव्हरवर शब्द शोधू नका, छापलेलेच नाहीत. या बँडने पहिल्यांदा शब्द छापले ते १९८८ च्या 'ग्रीन'वर, तेही फक्त एका गाण्याचे.

मग ऐकायचं काय? आधी पीटर बकची गिटार. त्याच्या रिकनबॅकर कंपनीच्या गिटारच्या तारा तो सरसकट झोडत नाही, एकेक छेडत जातो. त्यामुळे किणकिणता, झुळझुळता आवाज येतो. लांबलचक सोलोची वाट पाहू नका, या लोकांना त्याचं वावडंच होतं. दुसऱ्यांदा ऐकताना माइक मिल्सच्या बासकडे कान द्या. बास नुसता ठेका धरत नाही, स्वतःची वेगळी चाल घेऊन चालतो. मागून येणारा दुसरा गळाही बहुतेकदा मिल्सचाच. ड्रमवर बिल बेरी. गाणं कोणाच्याही डोक्यातून आलेलं असो, श्रेय चौघांच्या नावावर समान लागायचं.

आमच्या धंद्याला सुखावणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात बक रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि स्टाइप तिथला गिऱ्हाईक. ओळख तिथेच झाली. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, जुन्या चर्चमध्ये, चौघे पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. पुढची काही वर्षं लहान कंपनीच्या रेकॉर्ड, गावोगावचे क्लब आणि कॉलेजांची रेडिओ केंद्रं. अमेरिकेत 'ऑल्टरनेटिव्ह' (म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरचं रॉक) हे नाव ज्या वाटेवर तयार झालं, ती वाट हीच. 'मर्मर'च्या कव्हरवर दिसते ती कुडझूची वेल. आपल्याकडे घाणेरीने डोंगर व्यापले तसं हिने अमेरिकेचं दक्षिण गिळलंय. दुसरी रेकॉर्ड 'रेकनिंग'. तिच्या कव्हरच्या कण्यावर 'पाण्याखाली ठेवा' अशा अर्थाची सूचना आहे. कृपया पाळू नये.

१९८६ च्या 'लाइफ्स रिच पेजंट'पासून आवाज पुढे आला, शब्द कळू लागले. पुढच्याच वर्षी 'डॉक्युमेंट'मधलं 'द वन आय लव्ह' अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. लग्नाच्या वाढदिवसाला भेट द्यायला हे गाणं असलेली रेकॉर्ड कोणी मागितली, की आम्ही थांबवतो. नाव प्रेमाचं असलं तरी गाणं माणसाला वापरून घेण्याबद्दल आहे. शब्द कळण्याचा असाही तोटा!

मग मोठी कंपनी, वॉर्नर. 'ग्रीन'वर पहिली आणि दुसरी बाजू शोधत बसू नका. लेबलवर 'एअर' आणि 'मेटल' लिहिलंय, सुरुवात एअरपासून.

'लूझिंग माय रिलिजन' हे १९९१ च्या 'आउट ऑफ टाइम'वर. बक तेव्हा मँडोलिन शिकत होता, त्यातून ही चाल निघाली. नावावरून धर्मत्यागाचं गाणं वाटतं, पण अमेरिकेच्या दक्षिणेत या शब्दांचा अर्थ डोकं फिरणं, धीर सुटणं असा. त्याचा गाजलेला व्हिडिओ जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंगने केला. ही रेकॉर्ड आणि नंतरची 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२), दोन्हींसाठी बँड दौऱ्यावर गेलाच नाही, तरी दोन्ही प्रचंड खपल्या. एकच घ्यायची असेल तर आम्ही 'ऑटोमॅटिक' हातात देतो. संथ, मरणाच्या आसपास फिरणारी गाणी, आणि त्यांतल्या काहींत लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सने बांधलेली व्हायोलिन-चेलोंची साथ. रात्री, आवाज कमी ठेवून लावा.

'मॉन्स्टर' (१९९४) मात्र दिवसा लावा. तिच्यात गिटार मुद्दाम खरखरीत केलीय, म्हणजे इथेही स्पीकर फाटलेला नाही. त्याच्या दौऱ्यात, मार्च १९९५ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली. तो वाचला आणि दौराही पुढे पूर्ण झाला. त्याच प्रवासात बरीचशी रेकॉर्ड झालेली 'न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय' दोन तबकड्यांची आहे. वापरलेली घेताना दोन्ही आत आहेत ना, ते पाहून घ्या. १९९७ मध्ये बेरी बाहेर पडला. उरलेले तिघे ड्रम मशीन वगैरे घेऊन पुढे गेले आणि २१ सप्टेंबर २०११ ला, पंधरा अल्बमनंतर, भांडणतंटा न करता थांबले. या शेवटच्या काळातली एखादीच घ्यायची तर 'अप' (१९९८).

खरेदीआधी कोणतीही रेकॉर्ड दुकानात लावून ऐकता येईल. ओरखडा किंवा वाकलेली तबकडी निघाली तर बिल घेऊन सात दिवसांत या, बदलून देऊ. 'मर्मर'मधले शब्द कळत नाहीत, या कारणासाठी मात्र बदलून मिळणार नाही.