घाटेअळीला शेंड्यावर चढवणारा विषाणू

‘झोंबी’ संसर्ग वन्यजीवांत शिरला तर सारी जीवसृष्टी कोलमडेल, अशी भीती समाजमाध्यमांवर अधूनमधून रंगवली जाते. प्राण्याचे वर्तन बदलून त्याला स्वतःच्या प्रसारासाठी राबवणारे रोगकारक निसर्गात खरोखरच आहेत. त्यांपैकी एक सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी फवारले जाणारे ‘एचएएनपीव्ही’ म्हणजे तोच विषाणू.

त्याचे कण प्रथिनाच्या स्फटिकात बंद असतात. अळीने पान खाल्ले की तिच्या अन्नमार्गातील अल्कधर्मी रसात हे आवरण विरघळते आणि विषाणू आतड्याच्या पेशींतून शरीरभर पसरतो. काही दिवसांनी अळीचे खाणे मंदावते, ती शेंड्याकडे चढते आणि तेथेच उलटी लटकून मरते. ही ओढ प्रकाशाची असते, असे चिनी संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. संसर्गानंतर अळीची प्रकाश टिपणारी जनुके अधिक सक्रिय होतात. जनुकांत नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने ती निकामी केली, तेव्हा बाधित अळ्यांचे वर चढणे घटले. विषाणू अळीत नवी प्रवृत्ती घालत नाही, तिची मुळातली दृष्टीच तो आपल्या कामाला जुंपतो, हे मला या संशोधनातील सर्वांत विलक्षण वाटते. मृत्यूनंतर विषाणूचीच कायटिनेज आणि कॅथेप्सिन ही विकरे अळीचे शरीर विरघळवतात, आणि असंख्य स्फटिकांनी भरलेला द्रव खालच्या पानांवर, म्हणजे निरोगी अळ्यांच्या अन्नावर, ठिबकतो. शेंड्यावर लोंबणाऱ्या काळ्या अळ्यांमागे करणी किंवा भानामती नसून हे रसायनशास्त्र आहे.

मात्र हा विषाणू घाटेअळी आणि तिच्या अगदी जवळच्या जातींपलीकडे जात नाही. मधमाश्या, ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक आणि माणूस यांना त्याची बाधा होत नाही. बाधित अळ्या खाणारे पक्षीही आजारी पडत नाहीत, उलट त्यांच्या विष्ठेतून स्फटिक दूरवर पोहोचतात. अळ्या विरळ झाल्या की साथही ओसरते.

अशा संसर्गाने अन्नसाखळी मोडतेच असे नाही, कधी ती नव्याने जोडली जाते. केसासारखा लांब एक परजीवी कृमी रातकिड्यांना आणि नाकतोड्यांना पाण्यात उडी घ्यायला लावतो. जपानमधील एका ओढ्यात ट्राउट कुळातील माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के ऊर्जा अशा कीटकांतून येते, असे २०११ च्या अभ्यासात आढळले.

घाटेअळीचा विषाणू उन्हातील अतिनील किरणांनी लवकर निष्क्रिय होतो, म्हणून त्याची फवारणी सायंकाळी आणि अळ्या लहान असतानाच करावी. मोठी अळी मरायला अधिक दिवस घेते आणि तोवर घाटे पोखरत राहते.